मलाक्काच्या पायऱ्यांवर तुम्हाला दिलेला शब्द

विहीणबाई,

तुमची बॅग अजून तुमच्या पलंगाखालीच आहे. चेन बंद. मी तिला हात लावलेला नाही. तीन महिने तुम्ही माझ्या खोलीत राहिलात. मी माझ्या कपाटातले दोन कप्पे तुमच्यासाठी रिकामे केले, नवा कागद अंथरला, कोपऱ्यात लवंगा टाकल्या. आणि तुम्ही रोज सकाळी वाकून त्या बॅगेतूनच साडी काढायचात आणि संध्याकाळी घडी करून तिच्यातच ठेवायचात, बसस्टॉपवर टेकलेल्या बाईसारख्या. मला त्याचा भयंकर राग यायचा. आता त्या रिकाम्या कप्प्यांकडे बघवत नाही, म्हणून कपाटच उघडत नाही. अकरा दिवस त्याच दोन साड्या आलटूनपालटून नेसतेय.

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. तुमची मेघना, माझी सून, नीट जेवत नाही. ताट वाढून घेते, भाताचे ढीग इकडचे तिकडे करते आणि उठते. तिला वाटतं, तुम्ही तिच्यामुळे गेलात. त्या शुक्रवारी सकाळी ती तुमच्याशी भांडली, दार आपटून ऑफिसला गेली, आणि तासाभरात हे झालं. तिला तेवढंच माहीत आहे. खरं काय ते आपल्या दोघींना माहीत होतं. आता मला एकटीला माहीत आहे. आणि मेघनाला सांगणार नाही असा शब्द मी तुम्हाला देऊन बसलेय.

काय करू, सांगा ना. तुम्ही शाळेत एवढ्या मुलींना उत्तरं सांगितलीत.

हसताय ना? म्हणत असाल, विहीणबाई, जन्मात कुणाची गोष्ट पोटात ठेवली नाहीत, ती नेमकी माझीच ठेवायची होती? खरं आहे. सिंगापुरातल्या बिशानच्या या ब्लॉकमध्ये मला सकाळी काही सांगितलं तर दुपारपर्यंत लिफ्टलासुद्धा कळतं. तुमचंच तेवढं राहिलं पोटात.

चौदा वर्षांपूर्वीची मी आठवते तुम्हाला? मला आठवते, नको तितकी. पुण्याच्या त्या कार्यालयात हिरवी पैठणी नेसून, खुर्चीत टेकून बसलेली ती वरमाय! नवरा तेव्हा हयात, बोटीवरचा चीफ इंजिनिअर, स्वतः सिंगापूरची, त्यामुळे बाई जमिनीपासून वीतभर वरच. नथीने नाक ठणकत होतं म्हणून चेहरा वाकडा झाला होता. तुमच्याकडच्यांना वाटलं, वरमाय रुसली. धावपळ सुरू झाली. मग म्हटलं, एवढे धावताहेत तर रुसूनच घ्यावं. तुम्ही, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या, तीस तीस मुलींना घेऊन सिंहगड चढणाऱ्या बाई, खाली वाकून माझे पाय धुतलेत. आणि त्या नथवालीने काय म्हणावं? ‘पाणी जरा गार आहे हो.’

मे महिना होता, विहीणबाई. मे महिन्यात पुण्यात कोणाला गरम पाणी लागतं?

पण पाण्याचं एक वेळ चालेल. निघताना तुम्ही साधेपणाने म्हणालात, ‘एकुलती एक आहे. मधूनमधून येईन सिंगापूरला, राहीन चार दिवस.’ माझ्या मागे आमची एक चुलत जाऊ उभी होती. तिला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, ‘या की. पण आमच्याकडे मुलीच्या आईने मुलीच्या घरी मुक्काम टाकायची पद्धत नाही.’

आमच्याकडे अशी पद्धत नव्हती. कधीच नव्हती. माझी स्वतःची आई माझ्या निनादच्या बाळंतपणाला आली ती आठ महिने राहिली, आणि सासूबाई रोज दुपारी तिच्याशी पत्ते कुटायच्या. ती पद्धत मी तिथे, उभ्या उभ्या, नाक चोळत काढली. जावेला वाटावं की यांच्याकडचं फार जुनं, फार मोठं. जाऊ दुसऱ्या दिवशी विसरली. तुम्ही चौदा वर्षं पाळलीत. आपल्या नातीच्या, ईराच्या जन्माला आलात तेव्हा सहा आठवडे राहिलात, तेही बॅग न उघडल्यासारखं करून. पुढे मेघना बोलवायची आणि तुम्ही दर वेळी काहीतरी काढायचात. परीक्षा, गुडघा, पाणी येत नाही, पाणी येतंय.

हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. रोज, तीन हातांवर तुमचा पलंग होता तरी.

यंदा तुमच्या सोसायटीने इमारत पाडायला दिली नसती तर तुम्ही आलाच नसतात. भाड्याची जागा बघते म्हणत होतात. मेघनाने परस्पर तिकीट काढलं. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहून विचारलंत, ‘येऊ का?’ मी म्हटलं, ‘आलातच की.’ बघा, तेव्हाही सरळ नाही बोलले.

मग पंख्यावरून भांडलो. तुम्हाला पाचवर हवा, मला दोनवर. हिंगावरून भांडलो. मेघनाने ‘आई’ अशी हाक मारली की दोघी एकदम ‘काय गं’ म्हणायचो आणि मग कोणाची हाक होती त्यावरून भांडायचो. तुम्ही मला पानिपत समजावून सांगायचात, मी तुम्हाला इथल्या मेट्रोत, एमआरटीत धावणाऱ्या माणसांमधून कोपर काढून पुढे कसं जायचं ते शिकवलं. आणि लिटिल इंडियातल्या मिठाईच्या दुकानात माझ्या साखरेवर डोळा ठेवायचा सोडून तुम्हीच मला अर्धी जिलबी दिलीत, आणि घरी आल्यावर मेघनाला शांतपणे सांगितलंत, ‘फक्त मेथी घेतली.’ त्या दिवसापासून आपली गट्टी. माझं तुम्ही झाकायचं, तुमचं मी. तेव्हा तुमचं झाकण्यासारखं काही नव्हतंच. म्हणजे मला तसं वाटायचं.

मलाक्काला जायचं ठरलं ते ईरामुळे. अकरा वर्षांची पोर, शाळेतून प्रोजेक्ट घेऊन आली. समुद्रावरून सगळ्यात आधी आलेले परदेशी लोक आणि त्यांनी बांधलेला किल्ला. फोनवरून वाचत होती. तुम्ही पलंगावर ताडकन उठून बसलात.

‘किल्ला? इथून किती लांब?’

‘बाय कार, फोर अवर्स, आजी.’

‘मग दोन महिने मला मॉल काय दाखवताय?’

शनिवारी पहाटे निघालो. निनाद चालवायला, शेजारी मेघना, मागे आपण दोघी आणि मधे ईरा. सिंगापूरची गाडी हद्दीबाहेर न्यायची तर टाकी पाऊण भरलेली लागते. जन्म इथे गेला तरी माझा मुलगा ते विसरला. तुआसच्या सरहद्दीवरच्या पुलाच्या अलीकडून मागे फिरून पेट्रोल भरायला जावं लागलं. तुम्ही मागून म्हणालात, ‘शिधा न भरता गड सोडत नाहीत, निनादराव.’ तो कानापर्यंत लाल झाला. मेघना इतकी हसली, की मला वाटलं, लग्नानंतर ही पोरगी आपल्या घरात असं कधी हसली होती? आठवेना. आई जवळ असली की हसते, हे मला चौदा वर्षांनी कळलं. बरोबर आहे. मीच तिची आई दूर ठेवली होती.

पलीकडे दोन्ही बाजूंना पामची झाडं, मैलोन्‌मैल. तुम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या वाटल्यात आणि ईराला वेढा म्हणजे काय ते सांगत राहिलात. आत धान्य किती, विहिरी किती, फितूर कोण. पोरीने फोन बाजूला ठेवला होता. मी झोपल्याचं सोंग करून ऐकत होते. कबूल करते, चांगलं सांगत होतात.

आणि मग तो किल्ला!

‘कुठाय?’ तुम्ही विचारलंत.

‘आई, हाच.’

‘हा दरवाजा आहे.’

‘बाकीचा पाडला गं त्यांनी. एवढाच राहिलाय.’

तुम्ही त्या काळ्या दगडी दरवाजातून आत गेलात, बाहेर आलात, पुन्हा आत गेलात. मागे गवत आणि टेकडीच्या पायऱ्या. पुढे कार्टूनची चित्रं लावलेल्या सायकलरिक्षा आणि त्यांच्यावर ठणाणा गाणी. ‘चार तास,’ तुम्ही म्हणालात, ‘चार तास गाडीत बसून मी चौकट बघायला आले.’ मग ईराला धरून दाखवायला लागलात, की आपल्या गडाचा दरवाजा असा तोंडासमोर नसतो, वळणात लपवलेला असतो, म्हणजे शत्रूला हत्ती पळवत आणून धडक मारता येत नाही. ‘आणि यांचा बघ! कोणीही यावं आणि शिरावं. जाणारच किल्ला.’

‘बट आजी, दे गॉट कॅनन्स, व्हॉट!’ पोरीचं सिंगापुरी इंग्रजी.

‘तोफा घेऊन काय करतेस? अक्कल नको?’

मी तोवर समोरच्या गाडीवर चेंडोल बघून ठेवलं होतं. किसलेला बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वरून तिथला काळा गूळ. मेघनाने माझं गोड साफ बंद केलेलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, वाडग्याकडे बघितलंत आणि छत्री उघडून माझ्यापुढे आडव्या उभ्या राहिलात. मेघना पलीकडे फोटो काढत होती. मी छत्रीआड चार मिनिटांत वाडगा संपवला. तुमच्या पाठीमागे, शाळेतल्या मुलीसारखा. इतकं गोड मी पुन्हा कधी खाणार नाही.

मग टेकडी. वर जुन्या चर्चच्या भिंती आहेत, समुद्र दिसतो, म्हणून सगळे वर निघाले. ती तिघं पुढे गेली. माझे गुडघे, म्हणून आपण मागे. सगळ्यांना वाटलं तुम्ही माझ्यासाठी हळू चालताय. मलाही तसंच वाटलं. अर्ध्या पायऱ्या झाल्यावर तुम्ही बसलात. ‘तुमच्या गुडघ्यांना जरा विश्रांती,’ म्हणालात. मी वळून बघितलं. ब्लाउज पाठीला चिकटलेला, ओठ पांढरे, आणि डावा हात उजव्या हाताने धरून ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

‘मेघनाला हाक मारते.’

‘खबरदार.’

‘अहो, घाम बघा किती आलाय!’

‘इथे कोणाला नाही घाम? जबड्यात जरा कळ आली. गेली. दाढ असेल.’

‘आणि हात?’

‘पिशवी धरून धरून.’

पिशवी माझ्या हातात होती, विहीणबाई.

मी उठायला लागले तशी तुम्ही माझं मनगट पकडलंत. तेवढा जोर होता अजून. ‘ऐका माझं. मेघनाला कळलं की ती मला हॉस्पिटलात घालणार. मग ती रजा काढणार, मग निनादराव रजा काढणार. पोरीची शाळा, तुमचं खाणंपिणं, सगळं घर माझ्या उशाशी. जावयाच्या घरी येऊन अंथरूण धरायचं का मी? तुम्हीच म्हणाला होतात ना, तुमच्याकडे पद्धत नाही. मुक्काम पडला, तो पडला, इमारतीनेच दगा दिला. पण आजारपण नाही करायचं तुमच्या घरात. पुण्याला गेले की पहिलं डॉक्टरकडे जाते. शब्द देते. तुम्ही मला द्या.’

तेव्हा. तेव्हाच सांगायचं होतं. अहो, ती पद्धत मी बनवली होती, नाकात नथ टोचत होती म्हणून बनवली होती, उठा आणि माझ्या घरात वर्षभर आजारी पडा. जिभेवर आलं होतं. त्याच जिभेवर चेंडोलचा गूळ होता. आणि मला लाज वाटली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, समोर माणूस पांढरं पडलंय, आणि मी त्या पैठणीवालीची अब्रू सांभाळत बसले! तिला विचारायला हवं होतं, बये, तुला अजून कोण बघतंय?

तुम्ही माझा चेहरा बघितलात. तुम्हाला वाटलं, मी घाबरले. म्हणून तुम्ही डोळा मारलात. ‘आणि मी सांगितलं का तुमचं चेंडोल?’

मी हसले. टाळी दिली. असा दिला शब्द.

दहा मिनिटांनी तुम्ही उठलात आणि वर गेलात. हे मला अजून कळत नाही, कशा गेलात. वर वारा होता. समुद्र होता. भिंतींना टेकवून ठेवलेले जुन्या थडग्यांचे उंच दगड होते, आणि तुम्ही एकेका दगडावर हात ठेवून ईराला सांगत होतात, बघ, हे किती लांबून आले आणि इथेच राहिले. मेघनाने आपला फोटो काढला. तुम्ही माझ्या खांद्यावर हात टाकलात. मला वाटलं, प्रेमाने. आता तो फोटो बघते तेव्हा दिसतं, तुम्ही माझा आधार घेतला होतात. तरी बरं वाटतं. निदान घेतलात.

त्यानंतर तीन आठवडे होते माझ्यापाशी. मी काय केलं? तुम्ही जिना टाळायला लागलात, मी बघत होते. सकाळी छातीला ओव्याचा शेक घेत होतात, मी ओवा भाजून देत होते. दोनदा मात्र निघाले होते सांगायला. एकदा मेघना घरून काम करत होती. चहा घेऊन तिच्या दारात गेले. ती कॉलवर होती. तिने न बघता एक बोट वर केलं, एक मिनिट म्हणून. मी कप टेबलावर ठेवला आणि परत आले. मला एक मिनिट थांबता आलं नाही. दुसऱ्यांदा निनादला भाजी आणायच्या निमित्ताने खाली नेलं आणि त्याच्याशी वांग्यांबद्दल बोलत राहिले. वर आले तेव्हा तुम्ही गवार निवडत होतात, आणि गालात हसत म्हणालात, ‘सांगितलं नाहीत ना?’ मी म्हटलं, ‘मी काय फितूर आहे?’

शुक्रवारी सकाळी तुम्ही मेघनाला सांगितलंत की पुढच्या आठवड्यात पुण्याला जाते, तिकडे कुठेतरी खोली घेऊन राहीन. ती भडकली. ‘तुला माझ्या घरात एवढं टोचतं तरी काय? तीन महिने बॅग नाही उघडलीस! जायचं तर जा, मी नाही अडवत!’ आणि दार आपटलं. तुम्ही डॉक्टरकडे जायला म्हणून पुण्याला निघाला होतात, मला दिलेला शब्द पाळायला. तिला वाटलं, तुम्ही तिला टाकून चाललात. दोघींच्या मधे मी चहा गाळत उभी होते. मी चहा गाळला.

मग तुम्ही टेबलाशी लसूण सोलायला बसलात. मी किचनच्या खिडकीतून बांबूवर कपडे वाळत घालत होते. तुम्ही हाक मारलीत. ‘विहीणबाई, जरा येता का?’ नेहमीच्या आवाजात. मी म्हटलं, ‘आले, एवढा टॉवेल घालते.’

घातला टॉवेल. चिमटेही लावले. दोन.

ॲम्ब्युलन्सला फोन करताना मी पत्ता हिंदीत सांगत होते. शेजारची चिनी आजी धावत आली, तिने फोन हिसकावून घेतला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं, आधी काही त्रास होता का, छातीत, हातात, चालताना? मेघना माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ‘नो, डॉक्टर. नथिंग.’ किती स्पष्ट इंग्रजी बोलले मी त्या दिवशी!

तुम्ही बजावून ठेवलं होतंत म्हणून दिवसकार्य काही केलं नाही. म्हणून बोलायलाही कोणी आलं नाही, रडायलाही निमित्त नाही. मेघना ऑफिसातून आली की सोफ्यावर बसून असते. मी शब्द पाळतेय. शब्द पाळतेय म्हणताना बरं वाटतं, त्यात सच्चेपणा असल्यासारखा वाटतो. खरं सांगू? मी घाबरतेय. तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, आणि मला या वयात दुसरं घर नाही, दुसरी मुलगी नाही. तुमचा शब्द मी छत्रीसारखा आडवा धरलाय.

आज दुपारी ईरा शाळेतून आली, दप्तर न काढताच माझ्यापाशी आली. म्हणाली, ‘आजी, मम्माने सांगितलं, तिने पुणे आजीला हर्ट केलं, दॅट्स व्हाय शी डाइड. इज इट ट्रू?’ मी म्हटलं, असं कुठे असतं का. ती म्हणाली, ‘देन टेल हर लाह. तू सांग ना. शी वोंट लिसन टू मी.’

मला अकरा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यात बघता येईना, विहीणबाई. तुम्ही म्हणाला असतात, उत्तर येत नसेल तर उभी राहा. मी उभी राहते. मेघना सहाला येते. मी तुमचा शब्द मोडणार आहे. रागवा. वर जाऊन दुसरी विहीण शोधा.

वरचं लिहून पाच दिवस झाले.

सांगितलं. मेघना भांडी घासत होती, एकच पातेलं, कितीतरी वेळ. मी ओट्याशी उभी राहून सगळं सांगितलं. नथीपासून. पद्धत मी काढली होती, इथपासून टॉवेलला दोन चिमटे लावले, इथपर्यंत. काही गाळलं नाही. मधे एकदा वाटलं, चेंडोलचं नको सांगायला, तेवढं तरी आपलं राहू दे. तेही सांगितलं.

तिने नळ बंद केला. ‘चेंडोल?’ तिने विचारलं. ‘आई, तुम्ही चेंडोलसाठी गप्प बसलात?’

मला म्हणायचं होतं, त्यासाठी नाही गं. पण त्यासाठीही होतंच. मी म्हटलं, ‘हो.’

ती हात न पुसता खोलीत गेली. निनाद आला, त्याने एवढंच म्हटलं, ‘आई, मला तरी सांगायचंस.’ तो रडला. मी त्याला जवळ घ्यायला गेले, तर तो मागे सरकला. माझा मुलगा, विहीणबाई.

मेघना माझ्याशी बोलत नाही. एका टेबलावर बसून माझ्यामागच्या भिंतीशी बोलते. मी पुण्याला जाऊ का, असं निनादला विचारलं, तर तो चप्पल घालून खाली निघून गेला. मी रोज सकाळी उठते आणि वाटतं, आज ती मला जा म्हणेल. ती म्हणत नाही. ते जास्त कठीण आहे. पण तुम्हाला एक सांगायचं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोळी खाल्ली. उभ्या उभ्या, रागाने, माझ्याकडे पाठ करून. एक संपवली आणि दुसरी घेतली. ईरा माझ्याकडे बघत होती. आता मेघना तुमच्यावरही चिडलीय, माझ्यावर तर आहेच. स्वतःवर थोडी कमी. तुम्हाला राग आला तर येऊ दे. मला आता तुमची भीती नाही, तिचीच आहे.

काल सकाळी ती आपल्या दोघींच्या खोलीत आली. हातात रक्तदाब मोजायचं यंत्र, नवीन, खोक्यातून नुकतंच काढलेलं. काही न बोलता तिने माझी बाही वर केली, पट्टा गुंडाळला, बटण दाबलं. पट्टा फुगत चालला. घट्ट, आणखी घट्ट. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा हात माझ्या अंगाला लागला होता.

‘दुखतंय का?’ तिने विचारलं. आवाज कोरडा, परक्या पेशंटला विचारावं तसा.

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं त्यासाठी.

‘दुखतंय,’ मी म्हटलं.

‘कुठे?’

‘बस ना,’ म्हटलं, ‘सांगायला वेळ लागेल.’

तिने यंत्रावरचा आकडा वाचला, पट्टा सोडला. मग तुमच्या पलंगाच्या कडेला बसली.